डंपावरच्या चार इंच मातीत खत टिकत नाही, काय करू? (डिचोली)

रानभाट

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि जरा मोठं लिहितोय, वाचून सांगा. डिचोली तालुक्यात डोंगराच्या कुशीला आमची पावणेदोन एकर जमीन आहे. आजोबांच्या वेळी तिथे काजूचं भाट होतं, कडेला जांभळं, चुन्नां, करवंदं, मे महिन्यात आम्ही पोरं दिवसभर तिथेच असायचो. नंतर बाजूच्या खाणीवाल्यांनी माती टाकायला ती जागा मागितली, घरात दोन लग्नं होती, बाबांनी दिली, त्यांना आता बोल लावत नाही. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि तो टाकलेल्या मातीचा ढीग, म्हणजे डंप, तसाच राहिला, मग कधीतरी त्यांनी वरून डोझर फिरवून सपाट केलं, त्यावर तांबडी माती पसरली आणि जमीन परत दिली. तांबडी माती किती, तर मी कुदळीने सात-आठ ठिकाणी खणून बघितलं, बहुतेक ठिकाणी चार इंच, कुठे सहा, एका कोपऱ्यात दोनच. खाली पिवळट-जांभळी चिकण आणि खनिजाचे बारके खडे, उन्हाळ्यात कुदळ मारली की ठिणगी उडते इतकं घट्ट.

गेल्या जूनमध्ये काजूची १२० कलमं लावली. फूटभर खड्डे मारले कारण त्याखाली कुदळ जातच नव्हती. प्रत्येक कलमाला मूठभर युरिया आणि उरलेली अख्खी गोणी सगळीकडे विस्कटली, म्हटलं गवत तरी येईल. पहिले पंधरा दिवस कलमं हिरवीगार, मला तर रात्री झोप नव्हती आनंदाने. जुलैत चार दिवस जो पाऊस लागला त्यात वरची माती अर्धीअधिक खाली चुलतभावाच्या शेतात गेली, त्याचा तरवा (भाताची रोपं) तांबड्या गाळात बसला, त्याच्याशी बोलणं अजून नीट झालेलं नाही. दिवाळीला मोजली तर ३१ कलमं जिवंत, ती पण पिवळी.

माती तपासून घेतली. पीएच ५.१, सेंद्रिय कर्ब ०.२ टक्के, स्फुरद (फॉस्फरस) एकदम कमी. आता प्रश्न असा की खत कुठलं, किती आणि केव्हा? बाबा म्हणतात वीस ट्रक माती विकत आणू. मला ते पटत नाही पण दुसरं काही सुचतही नाही. मला तिथे परत झाडं बघायची आहेत, काजूच पाहिजेत असं काही नाही, आधी काहीतरी जगू दे.

शेतकी_काका

बाबा रे, पहिल्यांदा हे की तू केलंस ते सगळेच करतात, मी तीस वर्षं शेतकी खात्यात होतो, मीही लोकांना सुरुवातीला असंच सांगायचो, युरिया टाका हिरवं होईल. होतंही हिरवं, पंधरा दिवस.

युरियाचं काय होतं ते बघ. ४५ किलोच्या गोणीत नत्र (नायट्रोजन) साधारण २१ किलो. ते मातीत नायट्रेट झालं की पाण्याबरोबर चालायला लागतं आणि त्याला धरून ठेवायला मातीत कुजलेला पाला, ह्युमस काहीतरी पाहिजे, त्याचं माप म्हणजे कर्ब, तो तुझ्या मातीत ०.२ आहे. कर्ब ०.५ च्या खाली असला की आम्ही कमी म्हणतो, ०.७५ च्या वर चांगला. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला मोठा भाग जून-जुलैत, तू नेमका त्याच्या तोंडावर युरिया टाकलास. गोणीतलं फार तर मूठभर कलमांच्या मुळांना मिळालं असेल, बाकीचं खालच्या शेतात नाहीतर नाल्यात.

स्फुरदाची गोष्ट उलटी आहे. ते वाहून जात नाही, अडकतं. आपल्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियमचे ऑक्साइड भरपूर, सुपर फॉस्फेट विस्कटून टाकलंस की थोड्याच दिवसांत ते त्यांना चिकटून बसतं आणि झाडाला मिळत नाही, मग शेतकरी म्हणतो अजून टाकतो. म्हणून ते विस्कटायचं नाही, मुळाशी खड्ड्यातच द्यायचं आणि शेणखतात कालवून द्यायचं, शेणखताने मातीचा थेट स्पर्श कमी होतो. तुझा पीएच ५.१ आहे, म्हणजे माती आंबट, तर सुपर फॉस्फेटपेक्षा रॉक फॉस्फेट घे, स्वस्त पडतं आणि आंबट मातीत हळूहळू विरघळतं, दोन-तीन वर्षं पुरतं. खड्ड्याला पाव किलो बस झालं. पण एक चूक करू नकोस, डोलोमाइट किंवा चुना आणि रॉक फॉस्फेट एकाच खड्ड्यात एकाच वेळी टाकायचं नाही, चुन्याने आंबटपणा मोडला की रॉक फॉस्फेट विरघळायचं थांबतं. डोलोमाइट टाकायचाच तर वरच्या पट्ट्यात, गवत आणि ताग येणार तिथे, तो पण थोडा. ५.५ च्या खाली ॲल्युमिनियम सुटं होऊन मुळांची टोकं जाळतं, तेवढं शांत झालं की पुरे, पीएच सातवर न्यायची काही गरज नाही, काजूला आणि आपल्या रानाला थोडी आंबट मातीच आवडते.

आणि पुढच्या वेळी तपासणीला दे तेव्हा वरच्या चार इंचाचा नमुना वेगळा, खालच्या चिकणीचा वेगळा. दोन्ही एकत्र कालवलेस तर आकडा येईल पण तो कुठल्याच मातीचा नसेल. स्फुरद ब्रे पद्धतीने काढा असं सांग, आंबट मातीला तीच लागते. जुन्या गोव्याला एलाला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे तिथे किंवा तुमच्या विभागीय कृषी कार्यालयात विचार.

डोझर_१४

मी शेतकरी नाही, मी खाणीवर चौदा वर्षं डोझर चालवला, २०१२ ला घरी बसलो. तुमचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो.

काका बोलतात ते खताचं बरोबर असेल, पण तुमचं मूळ दुखणं खत नाही. आम्हाला डंप सपाट करायला सांगायचे तेव्हा सांगणं एकच असायचं, दाबून पक्कं करा, पावसात सरकता नये. बरोबर आहे त्यांच्या बाजूने, डंप सरकला तर खाली घरं, शेतं. मग आम्ही एकाच जागी दहा-दहा वेळा मशीन फिरवायचो, वरून भरलेले टिपर जायचे. त्याच्यावर चार इंच तांबडी माती पसरायची आणि फोटो काढायचे. त्या चार इंचाच्या खाली काय आहे, फरशी आहे. पाऊस पडला की पाणी फरशीपर्यंत जातं, पुढे जायला वाट नाही, मग ते आडवं चालू लागतं आणि वरची माती अख्खी चादर ओढल्यासारखी घेऊन जातं. तुमच्या चुलतभावाच्या शेतात युरियाने गाळ नेला नाही, त्या फरशीने नेला.

म्हणून आधी ती फोडा. जेसीबीने वरवर खरवडून होत नाही, पोकलेन आणा, बकेटच्या दाताने मीटरभर खोल फोडायची, उलटायची नाही, नुसती सैल करायची, आणि ओळी उताराला आडव्या. उताराच्या दिशेने रिपर मारलात तर जुलैत प्रत्येक ओळीचा ओहोळ होईल, हे मी डोळ्यांनी बघितलंय. काम एप्रिल-मेमध्ये, माती सुकी असताना, ओल्यात पोकलेन घातला तर अजून घट्ट होते. आणि फोडल्यावर त्याच्यावरून परत गाडी नेऊ नका, ट्रॅक्टरसुद्धा नको, माणसांनी चालत जायचं.

डंपाची कड आहे का तुमच्या जागेत? कडेपासून पंधरा-वीस फूट फोडू नका, तिथे पाणी मुरलं तर उतार ढासळेल. तिथे नुसता वाळा लावा, दाट, आडव्या रांगा. आमच्या खाणीवर उतारावर काथ्याच्या जाळ्या घातल्या होत्या आणि मधे वाळा, तेवढाच भाग शेवटपर्यंत उभा राहिला.

पातेरा

डोझरदादांनी लिहिलं ते वाचून खरंच बरं वाटलं, कारण हे काम केलेला माणूस सांगतो तेव्हा ते पुस्तकापेक्षा जास्त पटतं. अमेरिकेत अगदी हीच चूक मोठ्या प्रमाणावर झाली. १९७७ मध्ये तिथे कोळशाच्या उघड्या खाणींसाठी कायदा आला, जमीन पूर्ववत करा म्हणून, तर अपलाचियाच्या डोंगरांत लोकांनी डंप दाबून दाबून गुळगुळीत केले, वर भरपूर नत्र टाकून गवत पेरलं, दोन महिन्यांत हिरवं, सगळे खूश. आणि त्यात लावलेली झाडं वर्षानुवर्षं खुरटी राहिली, कारण मुळं खाली जाईनात आणि वर नत्रावर माजलेलं गवत त्यांचं पाणी पिऊन टाकायचं. नंतर तिथल्या जंगलवाल्यांनी वेगळी पद्धत बसवली, चार फूट तरी सैल माती, शेवटचा थर अजिबात दाबायचा नाही, गवत विरळ आणि बुटकं, नत्र कमी. म्हणजे खत कमी केल्यावर झाडं वाढली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उलटं वाटलं होतं.

रानभाट, तुझ्या जमिनीचा हिशोब मी कागदावर मांडला. पावणेदोन एकर म्हणजे ०.७ हेक्टर, त्यावर चार इंच म्हणजे १० सेंटिमीटर माती, साधारण ७०० घनमीटर, वजनाने हजार टनाच्या आसपास. कर्ब ०.२ तर त्यात नत्र ०.०२ टक्के धर, म्हणजे सगळ्या मातीत मिळून २०० किलो, आणि त्यातलंही बहुतेक बंद, एका वर्षात थोडंसंच सुटतं. आता ब्रिटनमध्ये ब्रॅडशॉ नावाच्या शास्त्रज्ञाने चिनी मातीच्या खाणींच्या ढिगांवर बरीच वर्षं काम केलं, त्यातून आलेला आकडा असा की झाडं आपली आपण चालू राहायला हेक्टरी हजार किलोच्या आसपास नत्राचा साठा मातीत लागतो. तुला ७०० पाहिजे, आहे २००. राहिलेले ५०० किलो युरियाने द्यायचे तर २४ गोण्या, त्या टिकणार नाहीत हे काकांनी सांगितलंच. शेणखताने द्यायचे तर १०० टन, कुठून आणणार. पण मुळांवर गाठी धरणारी शेंगवर्गीय झाडं-झुडपं हेक्टरी वर्षाला ५० ते १०० किलो नत्र हवेतून ओढू शकतात, तुझ्या जागेत ३५ ते ७०. म्हणजे सात ते चौदा वर्षं. ऐकायला लांब वाटतं पण हा साठा पाल्यात, मुळांत, बुरशीत बांधलेला असतो, एका पावसात जात नाही.

म्हणून माझ्या मते तुझं खत म्हणजे झाडंच. करंज, पांगारा, शिसव, खैर हे आपले आणि गाठी धरणारे. बहावा सुंदर दिसतो, शेंगापण येतात, पण त्याच्या मुळांवर गाठी येत नाहीत, नत्रासाठी लावू नकोस, फुलांसाठी लाव. वरच्या मातीला पहिल्या वर्षी ताग आणि स्टायलो (चाऱ्याचं शेंगवर्गीय झुडूप).

अजून एक गोष्ट दिसत नाही म्हणून कोणी बोलत नाही. मायकोरायझा. झाडाच्या मुळाला जोडलेली बुरशी, तिचे धागे मुळापेक्षा कितीतरी लांब जाऊन स्फुरद आणून देतात. ढीग घालून वर्षानुवर्षं ठेवलेल्या मातीत ती मरते, बियासुद्धा मरतात, तुझी ती तांबडी माती बहुतेक अशीच असणार. पश्चिम ऑस्ट्रेलियात जारा नावाच्या जंगलात बॉक्साइटच्या खाणी आहेत, जमीन आपल्यासारखीच जांभ्याची, तिथे वरचा १५ सेंटिमीटरचा थर वेगळा काढून शक्यतो लगेच दुसऱ्या संपलेल्या खाणीवर पसरतात, कारण जंगलाच्या बिया आणि बुरशी त्याच थरात असतात. आपल्याकडे गोवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खाणींच्या जमिनीवरच्या या बुरशीवर बरंच काम झालेलं आहे. तुला सोपा उपाय सांगते, तुमच्या जागेच्या कडेला एखादं जुनं जांभूळ किंवा करवंदाची जाळी उरली असेल तर तिच्या खालची घमेलंभर माती, बारीक मुळांसकट, रोपांच्या पिशव्यांत मूठ-मूठ टाक. देवराईतली उचलू नकोस, आणि रोयणीची (वारुळाची) तर नकोच.

रानभाट

सगळ्यांचे आभार, मी रात्री परत परत वाचलं आणि बाबांनाही वाचून दाखवलं. डोझरदादांचं वाचताना बाबा गप्प झाले, मग म्हणाले फोटो काढताना मी तिथे उभा होतो.

काही प्रश्न. पोकलेन लावायचा तर तासाचे पैसे बघता मला सगळी पावणेदोन एकर परवडणार नाही, फार तर दोन दिवस. दुसरं, ऑस्ट्रेलियन आकेशिया लावू का? बाजूच्या डंपावर तोच आहे आणि छान उंच वाढलाय, रोपंही मिळतात. तिसरं, गुरं. कुंपण घातलं तरी शेजाऱ्यांची गुरं येतात. आणि बाबा अजून वीस ट्रक मातीवर अडलेले आहेत.

डोझर_१४

दोन दिवस म्हणजे पुष्कळ. सगळी फोडू नका, पट्टे फोडा. दोन मीटरचा पट्टा आडवा, मग पाच मीटर सोडून परत पट्टा. झाडं पट्ट्यातच लावा. ऑपरेटर चांगला बघा आणि स्वतः उभे राहा, नाहीतर सवयीने मागे जाताना बकेटने थोपटून जातो, आम्हाला ती सवयच लागलेली असते.

आकेशिया लावा म्हणेन मी. आमच्या डंपावर दुसरं काही जगलं नाही तेव्हा तोच जगला. निदान सावली आली, खाली धूळ उडायची थांबली.

पातेरा

इथे माझं वेगळं मत आहे दादा. तो जगतो हे शंभर टक्के खरं, आंबट मातीत तग धरतो, नत्रही बांधतो. पण त्याचा पाला, म्हणजे ती पानासारखी देठं, कुजायला फार वेळ घेतात, वर्षानुवर्षं खाली जाड गादी बसते. बाजूच्या डंपावर खाली वाकून बघ रानभाट, वीस-पंचवीस वर्षांच्या झाडाखाली काय उगवलंय? मी जिथे जिथे बघितलं तिथे फार थोडं. शिवाय एप्रिलमध्ये ती गादी पेट घेते. सगळीकडे एकच झाड लावलं तर जंगल होत नाही. २०२० च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खाणीच्या जमिनीवर परत गवत लावा असा आदेश दिला, तो गुरांना चारा आणि रानातल्या जिवांना जागा मिळावी म्हणून. आकेशियाखाली गवतच येत नाही.

शेतकी_काका

दोघांचं ऐकून मी मधलं सांगतो. आकेशिया लावायचाच तर वाऱ्याच्या बाजूला एक ओळ लाव, आणि पाच-सहा वर्षांनी तोडून टाकायचा हे आधीच ठरवून लाव, सरपण होईल. बाकीच्या ठिकाणी गिरीपुष्प लाव. तेही परदेशीच आहे, पण फांदी रोवली की फुटतं, नत्र बांधतं आणि पाला काही आठवड्यांत कुजतो, हा मोठा फरक. वर्षातून दोनदा छाटायचं आणि कवळ काजूच्या बुंध्याशी टाकायची.

मातीच्या ट्रकचं बाबांना असं सांग. दहा टनी टिपरमध्ये साधारण सहा घनमीटर माती येते, वीस ट्रक म्हणजे १२० घनमीटर, ती सात हजार चौरस मीटरवर पसरली तर पाऊण इंचसुद्धा होत नाही. पहिल्या पावसात परत भावाच्या शेतात. आणि ती माती येणार कुठून, दुसरा कुठला तरी डोंगर कापूनच ना. त्यापेक्षा साठ सेंटिमीटरचे १२० खड्डे घे, सगळे मिळून २६ घनमीटर भरतात, पाच ट्रकमध्ये काम होतं. आणि ते पाच ट्रकही विकत आणायच्या आधी तुमच्याच तळीतला किंवा कुळागराच्या (नारळ-पोफळीच्या बागेच्या) पाटातला गाळ बघ.

कुळागरवाली

मी सत्तरी तालुक्यातून. मोठ्या शास्त्राचं मला कळत नाही, पण आमच्या वाटणीला आलेला एक तुकडा असाच होता, खालच्या अंगाला, वरून खाणीची माती वाहून येऊन बसलेली. सहा वर्षं झाली, आता तिथे बांबू आहे, जांभूळ आहे, कोकम आहे, त्यातून काय कळलं ते सांगते.

खड्ड्याच्या तळाला सोडणं घाला. नारळाची सोडणं, आडवी, पोकळ बाजू वर करून, दोन थर. पावसात ती पाणी पितात आणि जानेवारीपर्यंत थोडी थोडी ओल देतात. त्याच्यावर पातेरा (गळलेला पाला), मग शेणखत आणि माती. वाळवी लागते म्हणून सोडणं आधी आठ-पंधरा दिवस पाण्यात भिजवून घ्या आणि खड्डा भरताना राख मारा.

बी पेरायचं ते नुसतं फेकू नका, पहिल्या सरीला वाहून जाईल. आम्ही तागाचं बी शेणकाल्यात कालवलं आणि आडव्या रेघोट्या ओढून त्यात टाकलं, वर करडाचं गवत आणि झाडोरा आडवा ठेवून दगड मांडले. दहा-बारा फुटांवर एक झाडोऱ्याची रांग. गाळ त्या रांगेला अडतो आणि बी पण तिथेच रुजतं. दुसऱ्या वर्षी बघितलं तर प्रत्येक रांगेच्या वरच्या अंगाला वीतभर नवी माती, आणि तिच्यात कोणी न लावलेला कुडा आणि करवंद. पाखरांनी आणलेलं. मी त्या दिवशी तिथेच बसून राहिले बराच वेळ.

गुरांचं म्हणाल तर तुमची आणि शेजाऱ्यांची गुरं शत्रू नाहीत, त्यांचं शेण तुम्हाला पाहिजे. पहिली दोन वर्षं आत नको, पण गडग्याच्या बाहेर सावलीला बांधा, शेण आत घ्या. आम्ही शेजाऱ्याशी बोललो, सप्टेंबरात स्टायलो आणि गवत कापून त्यालाच दिलं, त्याबदल्यात गोठ्याचं खत. भांडण मिटलं. तुमच्या चुलतभावाशी पण असंच बोलून बघा हो, त्याच्या शेतात गाळ जातोय तर त्याला तुमच्या बांधाची गरज तुमच्याइतकीच आहे.

रानभाट

कुळागरवाली ताई, तुमचं वाचून आज सकाळी भावाकडे गेलो. लगेच काही हो म्हणाला नाही, पण चहा दिला, आणि खालच्या कडेला गडगा घालायचा तर माझ्याकडे जुने चिरे पडलेत असं म्हणाला.

काका, एकच शेवटचं विचारतो. सगळं केलं, पट्टे फोडले, सोडणं घातली, मग वरून रासायनिक खत अजिबात नको का? ती ३१ पिवळी कलमं डोळ्यांसमोर येतात. त्यांना काय देऊ?

शेतकी_काका

अजिबात नको असं नाही, मी त्या टोकाला जात नाही. उपाशी मातीत पहिली दोन वर्षं थोडा आधार लागतो, ताग आणि स्टायलोलाही गाठी धरायला स्फुरद लागतो, त्यांच्या ओळीत पेरणीलाच थोडं रॉक फॉस्फेट टाक. स्टायलोच्या बियाला रायझोबियम (गाठी धरवणारे जिवाणू) चोळता आला तर बघ.

कलमांना युरिया वर्षाला शंभर ग्रामच्या वर नको आणि तोही तीन वेळा वाटून. जून-जुलैत नाहीच. ऑगस्टच्या शेवटी पाऊस उघडझाप करायला लागला की पहिला हप्ता, मग दोन-तीन आठवड्यांनी दुसरा, सप्टेंबर संपताना ओल असेपर्यंत तिसरा. बुंध्यापासून हातभर अंतरावर, वरच्या अंगाला अर्धचंद्र चर काढून त्यात टाकायचा, मातीने झाकायचा, त्याच्यावर पातेरा. थोडा पोटॅशही दे, आपल्या मातीतून तोही धुवून जातो. कडेच्या पंधरा फुटांत आणि नाल्याच्या बाजूला काहीच नको, तिथे टाकलेलं सगळं खाली भावाच्या विहिरीत जाईल.

३१ कलमांना आत्ता काही देऊ नकोस. त्यांच्याभोवती पाला घाल, मे महिन्यात त्यांच्या वरच्या अंगाने पट्टा फोडून घे, मुळं तुटणार नाहीत इतकं लांबून. जूनमध्ये नवी पालवी कशी येते त्याचा फोटो टाक, पिवळेपणा जुन्या पानांवर आहे की नव्या हे बघितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही. जुन्या पानांवर असेल तर बहुतेक नत्र कमी आहे, नव्या पानांवर असेल तर दुसरं काही.

डोझर_१४

पोकलेन लावाल त्या दिवशी मला कळवा. मी मये गावात राहतो, लांब नाही. मशीन कोणाचंही असू दे, पट्टे कसे ओढायचे ते मी उभा राहून दाखवतो.